शस्त्राचा नाद आणि शस्त्राची नोंद

आज विजयादशमी. दारांवर झेंडूची तोरणे लागली आहेत, आणि दिवस कलला की थोरामोठ्यांच्या हाती आपट्याचे पान ठेवून पाया पडण्याची लगबग घरोघरी सुरू होईल. काल खंडेनवमीला सुताराने करवत-रंधा पुसून पाटावर मांडला, शेतकऱ्याने नांगराच्या फाळाला हळदकुंकू लावले, एसटीच्या आगारांत गाड्यांना माळा चढल्या, पोलिसांच्या शस्त्रागारांत बंदुका ओळीने मांडून त्यांवर फुले वाहिली गेली. वर्षातून एकदा शस्त्रे-अवजारे बाहेर काढावीत, उजेडात मांडावीत, गंज खरवडावा, धार पाहावी आणि ती ज्याच्या हाती असतात त्यानेच त्यांच्यापुढे मान लववावी, ही रीत इतक्या पिढ्यांची आहे की तिचा अर्थ विचारण्याची गरजही आपल्याला वाटत नाही. यंदा, २०२५ साली, ही दशमी २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या दिवशी आली आहे. शस्त्राची पूजा आणि शस्त्र हाती न घेता लढलेल्या महात्म्याचे स्मरण पंचांगाने एकाच दिवसात बांधून दिले आहे. असा योग आला की शस्त्राशी असलेल्या माणसाच्या नात्याचा हिशेब मांडून पाहावा, असे वाटणे स्वाभाविक आहे.

या सणामागची शमीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. अज्ञातवासाला निघताना पांडवांनी आपली आयुधे शमीवर लपवली आणि वर्षभर त्यांचा मागमूस कुणाला लागू दिला नाही. मुदत सरत आली, विराटाच्या गायी हाकून नेणाऱ्या कौरवसैन्यासमोर उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा अर्जुनाने गांडीव उतरवले, प्रत्यंचा ओढली, शंख फुंकला. आणि तो नाद कानी पडताच समोर कोण ठाकले आहे, हे द्रोणाचार्यांनी ओळखले. कथेकडे आपण बहुधा विजयाच्या अंगाने पाहतो. पण तिच्यात दुसरेही एक सूत्र दडलेले आहे: लपवलेले शस्त्र चालवण्याची घडी आली की ते आपल्या धन्याचे नाव गर्जतच बाहेर येते. ज्याने ते उचलले त्याला मग झाडाआड राहता येत नाही.

दसरा हा सीमोल्लंघनाचाही दिवस. तेव्हा गावाची वेस ओलांडताना विचारानेही थोडे दूर जावे, थेट अमेरिकेपर्यंत. तेथे गेली दहा वर्षे एक वाद धुमसतो आहे: बंदुकीचा आवाज दाबणारे सायलेन्सर नागरिकांना मोकळेपणाने मिळावेत, की त्यांच्यावर सरसकट बंदी यावी? हा वाद आपल्या स्मरणात एका दसऱ्याशी जोडला गेला आहे. २०१७ साली दसरा ३० सप्टेंबरला होता. आपट्याची पाने पुरती सुकलीही नव्हती, तोच २ ऑक्टोबरच्या सकाळी, आपल्याकडे गांधी जयंतीच्या प्रार्थना चालू असताना, लास व्हेगासची बातमी आली. तेथे १ ऑक्टोबरची रात्र होती. एका हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून खाली संगीत ऐकायला जमलेल्या हजारोंवर गोळ्यांचा वर्षाव झाला आणि ५८ माणसे गेली. पुढे जखमांनी दगावलेले धरून हा आकडा ६० झाला. त्याच सुमारास अमेरिकी प्रतिनिधिगृहात सायलेन्सरवरचे निर्बंध उठवणारे विधेयक मतदानाच्या उंबरठ्यावर होते. गोळीबाराच्या आवाजाने लोक पळाले, तोच आवाज दाबलेला असता तर किती जण गेले असते, असा सवाल हिलरी क्लिंटन यांनी जाहीरपणे केला. तशा अखंड गोळीबाराचा आवाज कोणत्याही नळकांड्याने लपला नसता, असे जाणकारांनी लगेच दाखवून दिले. खरेखोटे काहीही असो, सभापती पॉल रायन यांनी विधेयक बाजूला ठेवले.

या यंत्राचा उगमच मोठा मनोवेधक आहे. हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी १८८४ च्या सुमारास आपोआप चालणारी मशीनगन सिद्ध केली आणि साम्राज्यांच्या हाती मृत्यूचे गिरणीयंत्र दिले. आपल्याच तोफांच्या गदारोळात राहून उतारवयात त्यांना ऐकू येईनासे झाले. त्यांचे चिरंजीव हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ साली बंदुकीचा आवाज शमवणाऱ्या जोडणीचे पेटंट मिळवले. हेच पर्सी मोटारीच्या इंजिनाचा आवाज कमी करण्याच्या खटपटीत होते आणि पुढे हौशी बिनतारी संदेशवाल्यांची अमेरिकेतली मोठी संघटनाही त्यांनीच उभारली. बापाने आवाज वाढवला, मुलगा तो कमी करायला निघाला. एकाच घरातल्या दोन पिढ्यांत विज्ञानाचे हे दोन हात दिसले. तेव्हा पर्सींचा सायलेन्सर मोजक्या डॉलरांत टपालाने घरी येत असे. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या रायफलीलाही तो होता. शेजाऱ्यांची झोपमोड न करता नेमबाजी करण्याची ती सभ्य सोय मानली जाई.

वस्तू म्हणून पाहावे तर त्यात गूढ असे काही नाही. वीतभर लांबीचे धातूचे नळकांडे, बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी आट्यांवर फिरवून बसवायचे. आत एकामागे एक चकत्या, प्रत्येकीच्या मधोमध गोळी जाईल एवढे भोक. बार उडाला की दारूचा तापलेला वायू एरवी नळीतून एकदम बाहेर फुटतो आणि त्याच स्फोटाचा तो कानठळ्या बसवणारा आवाज असतो. चकत्यांमधल्या खणांत शिरून हा वायू फिरतो, पसरतो, थोडा निवतो आणि मग बाहेर पडतो. बंदुकीचा आवाज साधारण १४० ते १७० डेसिबलांच्या घरात असतो. सायलेन्सर त्यातले २० ते ३५ डेसिबल कमी करतो. म्हणजे चित्रपटातल्यासारखा ‘फुस्स’ आवाज करून गोळी निघून जात नाही. बाकी राहिलेला आवाजही जोरदारच असतो, आणि गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असेल तर हवा चिरत जाताना होणारा तिचा कडाका कोणत्याही चकतीला रोखता येत नाही. मात्र भिंतीपलीकडे बसलेल्या माणसाला हा आवाज बंदुकीचा आहे हे चटकन उमगेलच, असेही नाही. सारा वाद या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत अडकला आहे.

कायद्याची कथा १९३४ पासून सुरू होते. दारूबंदीच्या काळात शिकागोसारख्या शहरांत टोळ्यांनी मशीनगनी चालवून रस्ते रक्ताने माखले होते. १९३३ च्या फेब्रुवारीत मायामीत खुद्द नियोजित राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्या धक्क्यातून नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला आणि २६ जून १९३४ रोजी रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. मशीनगन आणि आखूड नळीच्या बंदुका यांच्याबरोबर सायलेन्सरही त्यात आले. त्यांचा त्यात समावेश का झाला, यावर संसदेच्या सुनावणीत जवळपास चर्चाच झाली नाही. कायद्याने बंदी घातली नाही. प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलरांचा कर बसवला आणि नोंदणी सक्तीची केली. आजच्या मोलाने ती रक्कम चार हजार डॉलरांच्या वर जाते. बंदी न म्हणता बंदी करण्याची ती सरकारी हातोटी होती. पण रकमेत पुढे कधीच वाढ झाली नाही, आणि महागाईने तिची धार आपोआप बोथट केली.

या नोंदणीचे रूप जवळून पाहिले की कायद्याचा स्वभाव कळतो. ज्याला सायलेन्सर घ्यायचा त्याने लांबलचक फॉर्म भरायचा, पासपोर्टच्या मापाचा फोटो डकवायचा, दहाही बोटांचे ठसे द्यायचे, गावच्या पोलीसप्रमुखाला कळवायचे आणि संघराज्याच्या शस्त्रखात्याकडून पार्श्वभूमीची तपासणी होण्याची वाट पाहायची. मंजुरी आली की कागदावर २०० डॉलरांचा मुद्रांक लागलेला असे, टपाल तिकिटासारखाच चिकटवलेला. ही वाट कधी वर्षभराचीही होई. अलीकडे संगणकामुळे ती पुष्कळ आखडली. हा कागद नसताना सायलेन्सर बाळगला तर १० वर्षांपर्यंत तुरुंगवास. इतके सव्यापसव्य करूनही २०१७ च्या आरंभी तेथे तेरा लाखांच्या आसपास सायलेन्सर नोंदलेले होते, आणि आज ती संख्या चाळीस लाखांच्या पुढे गेली आहे.

मोकळीक मागणाऱ्यांचे म्हणणे हसून उडवून देण्याजोगे नाही. बंदुकीच्या एका बारानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. सैन्यातून परतलेल्यांना सरकारकडून मिळणाऱ्या अपंगत्वाच्या भरपाईत कानात सतत घुमणारा आवाज हे कारण सर्वांत वरचे आहे. शिकाऱ्याला रानातली चाहूल घ्यायची असते म्हणून कानात बोळे घालता येत नाहीत. नेमबाजीच्या मैदानाजवळ राहणाऱ्यांनाही शांततेचा हक्क आहे. म्हणूनच त्यांच्या विधेयकाचे नाव ‘श्रवणरक्षण’ असे आहे. फिनलंड आणि नॉर्वेत सायलेन्सर सहज मिळतात, ब्रिटनमध्येही त्यांना परवान्याच्या कक्षेतून वगळण्याचे सरकारने मनावर घेतले आहे, हे दाखले ते देतात. त्यातच अमेरिकी शस्त्रखात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१७ साली लिहिलेल्या टिपणात गुन्ह्यांत सायलेन्सर क्वचितच सापडतो असे नमूद केले, तेव्हा या पक्षाच्या हाती मोठेच हत्यार आले.

पण आता व्हर्जिनिया बीचकडे पाहावे. ३१ मे २०१९, शुक्रवारची दुपार. शहराच्या सरकारी संकुलातली दोन क्रमांकाची इमारत, बांधकाम परवाने आणि पाणीपट्टीची कामे चालणारी. आपल्याकडच्या नगरपालिकेत असते तशीच वर्दळ. त्याच दिवशी सकाळी राजीनामा पाठवलेला एक अभियंता दोन पिस्तुले घेऊन आत शिरला. एकाला सायलेन्सर होता. शस्त्रे रीतसर विकत घेतलेली होती. १२ जण मारले गेले. त्यांतले ११ पालिकेचे कर्मचारी होते, बारावा परवान्याच्या कामासाठी आलेला कंत्राटदार. आवाज खिळे ठोकण्याच्या यंत्राचा असावा असे आत असलेल्यांपैकी काहींना वाटले. दुरुस्तीचे काम चालले असेल, असे म्हणून खुर्चीत बसून राहिलेल्या माणसाचे ते दोन-चार क्षण कोणत्या तराजूत तोलावेत? सायलेन्सर नसता तर किती जण वाचले असते, हे कुणालाही ठामपणे मांडता येणार नाही. पण धोक्याची वर्दी ऐकण्याचा शेजाऱ्याचा हक्क म्हणून काही असतो, एवढे त्या दुपारने दाखवून दिले.

त्यानंतर बंदीची भाषा सुरू झाली. सिनेटर बॉब मेनेंडेझ यांनी सायलेन्सरचे उत्पादन, विक्री आणि ते बाळगणे यांवर सरसकट बंदी घालणारे विधेयक मांडले. तेव्हाचे आणि आजचेही राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी हे यंत्र आपल्याला आवडत नाही, बंदीचा विचार करू, असे त्या वेळी सांगितले होते. व्हर्जिनियाचे गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी ९ जुलै २०१९ ला विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले. बहुमतातल्या रिपब्लिकनांनी ते सुमारे दीड तासात गुंडाळले. पुढल्या वर्षी विधिमंडळातली सत्ता पालटली आणि पार्श्वभूमी तपासणीचे, धोकादायक व्यक्तीकडून शस्त्र काढून घेण्याचे असे काही कायदे झालेही. पण लष्करी धाटणीच्या रायफलींबरोबर सायलेन्सरही ज्यात होते, ते विधेयक राज्याच्या सिनेटच्या समितीत अडले, आणि तेही सत्ताधारी डेमोक्रॅट पक्षातल्या चौघांच्या मतांनी.

मोकळिकीच्या बाजूचा प्रवासही असाच ठेचकाळत झाला. त्यांचे विधेयक २०१५ मध्ये आले, २०१७ मध्ये पुन्हा मांडले गेले. १४ जून २०१७ ला त्यावर समितीत सुनावणी ठरली होती. त्याच सकाळी वॉशिंग्टनजवळ बेसबॉलचा सराव करणाऱ्या खासदारांवर गोळीबार झाला, त्यांतले स्टीव्ह स्कॅलिस गंभीर जखमी झाले आणि सुनावणी रद्द झाली. पुढे ऑक्टोबरात लास व्हेगास. बंदुकीवरच्या चर्चेला दोनदा बंदुकीनेच थांबवावे, यापरते विदारक काय असणार? मग यंदा, २२ मे २०२५ रोजी, प्रतिनिधिगृहाने एका महाकाय अर्थविधेयकाच्या पोटात सायलेन्सर १९३४ च्या कायद्यातून वगळण्याची तरतूद घालून ते २१५ विरुद्ध २१४ अशा केसभर फरकाने मंजूर केले. सिनेटमध्ये साध्या बहुमताने संमत होणाऱ्या अर्थविधेयकात पैशांशी संबंध नसलेल्या तरतुदी चालत नाहीत. तेथील नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोना यांनी नोंदणी रद्द करणे हा पैशाचा विषय नाही असा निर्वाळा दिला. तेव्हा जे पैशाचे होते तेवढेच उरले. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ट्रम्प यांनी सही केली: १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा २०० डॉलरांचा कर शून्य. फॉर्म, फोटो, बोटांचे ठसे आणि नोंदवही मात्र तशीच.

येथून न्यायालयांचे कोडे सुरू होते. १९३७ साली सोन्झिन्स्की खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३४ चा कायदा उचलून धरला, तो कर आहे एवढ्या आधारावर. आता करच नाही तर नोंदणी कोणत्या खुंटीला टांगायची, असा सवाल घेऊन शस्त्रवादी संघटना उन्हाळ्यातच कोर्टाची पायरी चढल्या. दुसरा प्रश्न दुसऱ्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या मूलभूत हक्काचा. सायलेन्सर हे शस्त्र नव्हे, शस्त्राचा नुसता जोड आहे, असे दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. पाचव्या सर्किटने पीटरसन खटल्यात यंदाच्या फेब्रुवारीत तोच सूर लावला, आणि ऑगस्टअखेर आपलाच निकाल मागे घेऊन नवा दिला: सायलेन्सरला घटनेचे संरक्षण आहे असे घटकाभर धरले, तरी पात्र माणसाला परवाना नाकारत नसलेली नोंदणी हक्काच्या आड येत नाही. ट्रम्प प्रशासनाची भूमिकाही जवळपास हीच आहे. दरम्यान कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, डेलावेअर आणि हवाई या आठ राज्यांत बंदी कायम आहे, तर टेक्सासने २०२१ मध्ये आपल्या हद्दीत बनलेल्या सायलेन्सरला केंद्राचा कायदा लागू नाही असा कायदा करून ठेवला आहे. बंदी असलेल्या न्यूयॉर्कच्याच भर मॅनहॅटनमध्ये ४ डिसेंबर २०२४ च्या पहाटे एका विमा कंपनीच्या प्रमुखाची सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाने हत्या झाली. पिस्तूल आणि सायलेन्सर त्रिमिती छपाईयंत्रावर घडवलेले असावेत, असे पोलिसांचे म्हणणे. बंदी तोकडी पडते म्हणणाऱ्यांना हा दाखला मिळाला, आणि सायलेन्सर खुनाचे साधन आहे म्हणणाऱ्यांनाही.

इतक्या दुरून पाहताना आपल्याला या गदारोळात एक गोष्ट ठळक दिसते, जी दोन्ही बाजूंच्या घोषणांत हरवली आहे. फिनलंड-नॉर्वेचा दाखला खरा आहे, पण अर्धा. तेथे सायलेन्सर मोकळा आहे, कारण बंदूक मोकळी नाही. प्रत्येक बंदुकीमागे परवाना आहे, कारण विचारलेले आहे, ती कुणाकडे आहे हे राज्याला ठाऊक आहे. घोड्याला लगाम असल्यावर खोगिराची काळजी कोण करतो? अमेरिकेत साध्या बंदुकांची देशव्यापी नोंदवही ठेवण्यास १९८६ च्या कायद्यानेच मनाई आहे. तेथे सायलेन्सरची वही ही उरलेल्या थोड्या वह्यांपैकी एक आहे. ती फाडून टाका आणि युरोपसारखे वागा, असे म्हणणे म्हणजे युरोपच्या सोयी हव्यात आणि शिस्त नको, असे म्हणणे होय. तसेच आवाज कमी करणाऱ्या प्रत्येक नळकांड्यात मारेकरीच पाहणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे की लाखो नोंदलेले सायलेन्सर कपाटांत आणि नेमबाजीच्या मैदानांवर आहेत, आणि ज्यांनी ते घेतले त्यांनी बोटांचे ठसे देऊन घेतले आहेत. कर ही गरिबाला दूर ठेवणारी भिंत होती. ती पडली याची खंत नको. ज्याच्या हाती शस्त्र, त्याने समाजाला आपले नाव सांगितलेच पाहिजे, हे तत्त्व मात्र करासोबत वाहून जाऊ नये.

शस्त्रहक्काबद्दलची अमेरिकेची हळवी भावना आपल्याला अगदीच परकी नाही. लॉर्ड लिटनच्या राजवटीतला १८७८ चा शस्त्रकायदा आपल्या पूर्वजांना अपमान म्हणून डाचत होता. गोऱ्याला मोकळीक आणि काळ्याला परवाना, हा त्यातला भेद काँग्रेसच्या अधिवेशनांत वर्षानुवर्षे ठरावांतून निषेधिला गेला. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही १९१८ साली त्या कायद्याला इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांत गणले होते, आणि त्यांचे ते म्हणणे आज अमेरिकेतले शस्त्रवादी आवर्जून पुढे करतात. पण स्वराज्य आल्यावर आपण वही फेकून दिली नाही, तिच्यातला भेद तेवढा काढला. १९५९ चा आपला शस्त्रकायदा बंदुकीची व्याख्या करताना आवाज किंवा झोत कमी करणाऱ्या जोडणीलाही बंदुकीतच मोजतो. निवडणुका आल्या की अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, आणि फारसे कुणी त्यात आपला हक्क बुडाल्याची ओरड करत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या, परवान्याची मुदत ५ वर्षांची केली आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे हा गुन्हा ठरवला.

म्हणून मिशांना पीळ देण्याचेही कारण नाही. गावठी कट्टा कुठल्याही वहीत नसतो, आणि आपल्या शहरांतल्या टोळीयुद्धांत तोच हातोहात फिरतो. वरातीतला बार अजूनही निघतो, आणि तो काढणाऱ्याला पाठीशी घालणारे वऱ्हाडीही असतात. अमेरिकेकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात, ते अशा ठिकाणी. परवान्याच्या नूतनीकरणाचा कागद आपल्याकडे बहुधा साहेबाच्या टेबलावरून शिपायाच्या टेबलावर सरकणारा एक अर्ज उरतो. वास्तविक दर पाच वर्षांनी त्या माणसाला पुन्हा विचारण्याची ती संधी आहे: हे शस्त्र तुला अजून कशासाठी हवे? ते कुठे ठेवतोस? घरात लहान मूल आहे का, कुणी खचलेले आहे का? हे प्रश्न नीट विचारले गेले तर वहीला अर्थ राहतो.

अमेरिकेतल्या मराठी माणसांपुढे तर हा प्रश्न मतपत्रिकेच्या रूपाने उभा आहे. न्यू जर्सीत राहणारा भाऊ बंदी असलेल्या राज्यात आहे आणि टेक्सासमधली बहीण केंद्राचा अंमलच नाकारू पाहणाऱ्या राज्यात. दोघांचीही मुले त्याच देशाच्या शाळांत जातात, तिथे गोळीबार झाला तर काय करायचे याच्या कवायती शिकतात. कुणी हौसेने नेमबाजी शिकते, कुणाला घरात बंदूक या विचारानेच धडकी भरते. दिवाळीच्या फराळाला ही मंडळी एकत्र जमतील, तेव्हा पक्षांची नावे घेऊन एकमेकांवर धावून जाण्यापेक्षा त्यांनी आपापल्या प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारावा: कर शून्य झाल्यावर ती वही राहणार की जाणार? करावर, आवाजाच्या पातळीवर, यंत्राच्या रचनेवर तडजोड होऊ शकते, व्हावीही. शिकाऱ्याचा कान वाचावा, मैदानाशेजारच्या म्हातारीला दुपारची झोप मिळावी. पण शस्त्राचा आवाज जितका उतरेल, तितकी त्यामागची नोंद अधिक चोख असायला हवी. कारण जिथे कानाने कळणार नाही, तिथे कागदानेच कळले पाहिजे. पुढच्या काही महिन्यांत तेथील न्यायालये या खटल्यांवर काय निकाल देतात, त्याकडे आपले लक्ष असावे. आणि आपल्या तालुक्यातल्या परवान्यांची वही अद्ययावत आहे का, हे विचारण्याचे कर्तव्य तहसील कचेरीवर किंवा पोलिसांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. शेजारी म्हणून तो हिशेब मागण्याचा अधिकार आपला आहे, आणि तो आपण मागत राहिले पाहिजे.